भिंतीवरचा तुळाजी

बोलोन्याच्या विमानतळावर कस्टमच्या बाईनं तात्यांची पत्र्याची पेटी उघडली आणि आतलं एकेक टेबलावर मांडायला सुरुवात केली. तांब्याचा गडू. काळ्या तिळांची पुरचुंडी. जवाचं पीठ. दर्भाची जुडी. बाटलीत गोदावरीचं पाणी. तळाशी लाल फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. तिनं त्याला हात घातला तसे तात्या गुरकावले, "त्याला नगं हात लावू, बाई."

बाईला मराठी कळलं नाही, पण आवाज कळला. तिनं माझ्याकडं पाहिलं.

"देव आहेत. घरातले," मी माझ्या मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये म्हणालो.

तिनं कपाळाला, छातीला बोट लावून क्रूस केला आणि पेटी बंद केली. मी मात्र घामाघूम झालो होतो. दर्भ, तीळ, जवाचं पीठ हे श्राद्धाचं सामान. ते एक वेळ समजू शकत होतो. पण लाल फडक्यात आमचा वीर होता.

वीर म्हणजे चांदीचा टाक, तळहाताएवढा, त्यावर घोड्यावर बसलेला तलवारधारी माणूस. घरातला कोणी लढाईत पडला की त्याच्या नावानं असा टाक करून आमच्याकडं देवघरात ठेवतात. वर्षातून एकदाच, धुळवडीला, तो उंबऱ्याबाहेर निघतो. ताटात घेऊन, वाजतगाजत कादवा नदीच्या घाटावर न्यायचा आणि अंघोळ घालायची. घाटाच्या तोंडाशी गावचा गुरव प्रत्येक ताट अडवतो आणि विचारतो, "कोणाचा वीर?" घरच्या कर्त्यानं मोठ्यानं नाव घ्यायचं, मगच वाट सुटते. आमच्या घरी तात्या नाव घेत. "तुळाजीचा!" तुळाजी म्हणजे तात्यांचे थोरले भाऊ, चव्वेचाळीस साली इटलीत पडलेले. ते नाव घेताना दरवर्षी तात्यांचा आवाज चिरकायचा. भावाची माया, असं आम्ही म्हणायचो.

धुळवड नसताना वीर घराबाहेर काढलेला मी जन्मात पाहिला नव्हता.

गोष्ट सत्त्याण्णव सालची, जून महिन्यातली. मी तेव्हा सातपूरच्या एका कारखान्यात होतो. पुड्या बांधायचं नवं यंत्र इटलीहून यायचं होतं, म्हणून कंपनीनं मला आधी तीन महिने शिकायला पाठवलं होतं. त्या पहिल्या खेपेला एका रविवारी, तासाभराच्या अंतरावर हिंदुस्थानी सैनिकांचं स्मारक आहे असं कळलं आणि मी तिथं गेलो. आपल्या हिंदू सैनिकांना तिथं अग्नी दिलेला, त्यामुळं कबरी नाहीत. नुसती भिंत आणि तिच्यावर नावं. त्या भिंतीवर मला काकांचं नाव सापडलं. माझा आनंद गगनात मावेना. कारण आमच्या कोळवाडीच्या वेशीवर 'शहीद तुळाजी खालकर कमान' बांधायची धडपड मीच चालवली होती. पंधरा ऑगस्टला, स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवाला, उद्घाटन ठरलं होतं. मंत्री येणार होते. कमानीत लावायला त्या भिंतीचा फोटो मिळाला म्हणजे सोन्याहून पिवळं.

मी तिथूनच घरी फोन लावला होता. "तात्या, काकांचं नाव सापडलं!"

 

"नुसतं नाव हाये का नंबर बी हाये?" तात्यांनी विचारलं.

"दोन्ही आहे."

"बरं," ते म्हणाले. "म्या येतो."

मला दाखव, घेऊन चल, असं काही नाही. बोलावणं आल्यावर माणूस म्हणतो तसं, म्या येतो. दुसऱ्या खेपेला यंत्र ताब्यात घ्यायला निघालो तेव्हा त्यांना सोबत घेतलं. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी आपली काठी शेजारच्या म्हाताऱ्याला देऊन टाकली. मी म्हटलं, परत आल्यावर काय करणार? ते नुसते हसले.

गाडी भाड्यानं घेतली होती. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे, अगदी आपल्या निफाडसारखे. एरवी तात्यांनी वेल, तारा, छाटणी, सगळ्यावर शेरे मारले असते. आज ते नुसता डाव्या भुवईवरचा व्रण चोळत होते. लहानपणी बैलानं शिंग मारलं तेव्हाचा तो व्रण. काही मनात घोळत असलं की त्यांचा अंगठा आपोआप तिथं जायचा.

"काकांचं श्राद्ध करायचंय ना तुम्हाला?" मी विचारलं.

"दोघांचं."

"दुसरं कोणाचं?"

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. मला आईची आठवण झाली. ती आदल्या वर्षी श्रावणात गेली होती. पण आईचं म्हणावं, तर ते इथं परमुलखात कशाला?

आईचं इथं सांगायलाच हवं. आई, बायजा, आधी तुळाजीकाकांची बायको. काका गेल्याची तार आली आणि वर्षभरानं भावकीनं धाकट्या दिराशी तिचा मोहतूर लावला. तो धाकटा दीर गेणू, म्हणजे आमचे तात्या. मोहतूर म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, वाजंत्रीशिवाय, अंधारात उरकलेलं. आणि मोहतुराच्या बाईला गाव सवाष्ण मानत नसे. तिनं कोणाची ओटी भरायची नाही, नवरीच्या हळदीला हात लावायचा नाही. माझ्या बहिणीच्या लग्नात सगळं गाव हळद लावत होतं आणि नवरीची आई चुलीपुढं पुऱ्या लाटत होती. गेली तेव्हा नवरा उशाशी बसलेला असून तिला हिरवं लुगडं नेसवायला एक बाई पुढं आली नाही. पांढऱ्यातच नेली. त्या बायकांचा मला आजही राग येतो, आणि त्यातल्या निम्म्या आता हयात नाहीत.

स्मारकाच्या फाटकाशी तात्यांनी वहाणा काढल्या. ऊन रणरणत होतं. गवत नुकतंच कापलेलं, सुरूची झाडं सरळसोट, किड्यांची किरकिर कानात भरून राहिलेली. लांब एक म्हातारा माळी नळीनं पाणी घालत होता. बाकी चिटपाखरू नव्हतं. फाटकाजवळच्या कोनाड्यात येणाऱ्यांनी सही करायची वही होती. मी माझी सही केली आणि पेन तात्यांपुढं धरलं.

तात्यांना सही यायची. 'गेणू खालकर' एवढीच अक्षरं ते जन्मात शिकले होते आणि सोसायटीच्या मीटिंगला ती ऐटीत करायचे. त्यांनी पेन घेतलं नाही. लाल फडक्याच्या घडीतलं कुंकू अंगठ्याला लावलं आणि वहीच्या पानावर अंगठा उमटवला.

"तात्या, सही करा की. अंगठा काय?"

"सही माही न्हाई," ते म्हणाले. "अंगठा माहा हाये."

म्हातारपणी माणसाला चळ लागतो, असं मी मनाशी म्हणालो. पण त्या पांढऱ्या पानावरचा लाल ठसा बघवेना, म्हणून वही मिटून टाकली.

भिंतीपुढं आलो. मी नावावर बोट ठेवलं.

"मोठ्यानं वाच," तात्या म्हणाले.

मी नंबर वाचला. मग, "शिपाई तुळाजी खालकर."

"परत वाच. हजेरी घेत्यात तसं."

"शिपाई तुळाजी खालकर!"

तात्यांनी टाचा जुळवल्या. शहात्तर वर्षांची पाठ ताठ झाली.

"हजर," ते म्हणाले.

मी त्यांचा दंड धरला. "तात्या, सावलीत चला. ऊन लागलंय तुम्हाला."

"ऊन न्हाई लागलं. बस इथं. पन्नास वर्सं झाली, आता ऐक."

आम्ही भिंतीच्या पायथ्याशी बसलो. ते माझ्याकडं न बघता, नावाकडं बघत बोलत होते.

"बाप पटकीनं मेला तव्हा आम्ही दोघं एवढाले. मायनं उचललं आन धुळ्याकडं मामाच्या गावाला नेलं. कोळवाडीनं आमचं तोंड पुन्हा पाह्यलं न्हाई. तिकडंच वाढलो, तिकडंच माहं बायजेशी लगीन झालं."

"तुमचं म्हणजे..." मी थांबलो. "तुळाजीकाकांचं."

"माहं," तात्या म्हणाले. "म्या तुळाजी."

माळ्याची नळी बंद झाली होती. किड्यांची किरकिर तेवढी चालू होती.

"भरती व्हती. म्या गेलो, छाती मोजली, अंगठा दिला. गाव कोणतं, तर मूळचं कोळवाडी सांगितलं. वळख काय, तर डाव्या भुवईवर व्रण. नंबर भेटला. आठ दिसांनी हजर व्हायचं व्हतं. घरी आलो तर तुही माय तापानं फणफणलेली. पण धोंडू, तापाचं नाव कशाला घेऊ? म्या भ्यालो. तिकडून मढी बी येत न्हाईत म्हणं. दोन दिस भाकर गिळली न्हाई. गेणू सतराचा. अंगानं माह्यापेक्षा थोराड. म्हणला, दादा, कागद दे, म्या जातो. तिकडं कोण वळखतंय?"

"आणि व्रण?"

"इळ्यानं केला. म्याच केला. त्यानं डोकं माह्या मांडीवर ठेवलं, आन हू का चू केलं न्हाई. रगत डोळ्यात गेलं तरी हसत व्हता. हजर व्हायच्या दिसापर्यंत खपली धरली आन गेला." तात्यांचा अंगठा भुवईवर गेला होता. "तीन वर्सांनी कोळवाडीला तार गेली, तुळाजी पडला. भावकीनं एक माणूस धाडला, विधवेला आन धाकट्याला घेऊन या म्हणून. म्या अंगणात उभा व्हतो. त्यानं लांबूनच हाक मारली, 'गेणू!' आन म्या वो दिली."

"का? खरं सांगायचं होतं!"

"सरकारला फसवलेलं. दुसऱ्याला पलटणीत घुसवलेलं. खडी फोडायला धाडतीन, फाशी बी देतीन, असं मामा म्हणला. त्या माणसानं माह्यासमोर बायजेच्या बांगड्या फोडाया लावल्या. ती माह्याकडं बघत व्हती. म्या खाली बघत व्हतो."

तात्या रडत नव्हते. मीच रडत होतो. या माणसानं माझ्या जिवंत आईला विधवा होऊ दिलं, मग अंधारात तिच्याशीच मोहतूर लावून घेतला, आणि पन्नास वर्षं धुळवडीला स्वतःचाच टाक ताटात घेऊन स्वतःचंच नाव ओरडला. मला त्यांची कीव आली आणि त्यांचा गळा धरावासाही वाटला.

"आईनं कधी तोंड उघडलं नाही?"

"एकदाच. तुह्या बहिणीच्या हळदीला. म्हणली, आतातरी सांगा, एवढी हळद लावू द्या. म्या म्हणलो, बघू."

त्यांनी गडूत पाणी ओतलं, पीठ भिजवलं आणि हिरवळीवर दर्भ मांडून दोन पिंड केले. लाल फडकं सोडून टाक मधोमध ठेवला. मंत्र त्यांना येत नव्हते. तीळ आणि पाणी सोडत ते एवढंच म्हणाले, "गेण्या, आजवर तुला माह्या नावानं जेवू घातलं. तुला पोचलं नसंल. हे तुव्हं. तुह्याच नावाचं."

"आणि हा दुसरा?" मी विचारलं. उत्तर मला ठाऊक झालं होतं.

"भिंतीवरल्या तुळाजीचा. मेलाय ना तो. त्याला बी पाणी पाह्यजे."

"तात्या, जिवंत माणसाचा पिंड घालू नये! उचला तो."

त्यांनी उचलला नाही. आम्ही दहा पावलं मागं सरलो. भिंतीवर कावळा येऊन बसला. तिकडचा कावळा आपल्यासारखा सगळा काळा नसतो, पाठ राखाडी असते, राखेत लोळून आल्यासारखी. तो खाली उतरला, तडक गेणूच्या पिंडाशी गेला आणि चोच भरून घेतली. तात्यांनी दोन्ही हात जोडले. त्यांच्या तोंडून हुंदका फुटला, तो मी ऐकलेला त्यांचा पहिला आणि शेवटचा.

मग कावळा दुसऱ्या पिंडापुढं आला. मान वाकडी करून त्यानं पाहिलं आणि तसाच उभा राहिला.

दहाव्याला कावळा शिवत नसला की गेलेल्याची इच्छा ओळखून कोणीतरी वचन देतं, ही रीत मला ठाऊक होती. तात्यांनी माझं मनगट धरलं. हात बर्फासारखा गार होता.

"माही इच्छा एकच हाये. तुह्या मायला वर्स व्हतंय. यंदा पितरपाटात तिची अविधवा नवमी कर. सवाष्ण जेवू घाल तिच्या नावानं, ओटी भर. आन गावापुढं सांग ती कोण व्हती. ती माही लग्नाची बायको. सवाष्ण गेली. म्या बोलाया जातो तर जीभ उचलत न्हाई रे. तू म्हण. म्हण, म्या सांगन."

कावळा माझ्याकडं बघत होता. खोटं सांगत नाही, माझ्याकडंच.

आणि माझ्या डोळ्यांपुढं काय आलं? आई नाही. वेशीवरची कमान आली. रंगाचे डबे आणून ठेवलेले, पत्रिका छापायला गेलेल्या, मंत्र्यांचा होकार आलेला. शहीद तुळाजी खालकर. गाव काय म्हणेल? पेपरवाले काय छापतील? झाकली मूठ सव्वा लाखाची, ती पन्नास वर्षांनी मीच का उघडू?

"बघू," मी म्हणालो.

तात्यांनी माझं मनगट सोडलं. कावळा उडाला आणि सुरूच्या झाडांपलीकडं गेला. पिंड तसाच राहिला. नंतर माळी आला, टोपी काढून उभा राहिला आणि आम्ही निघाल्यावर त्यानं काय केलं ते मी मागं वळून पाहिलं नाही.

परतीच्या दिवशी पासपोर्टच्या खिडकीत अधिकाऱ्यानं नाव पुकारलं, "जेनू?" तात्या ढिम्म. त्यानं पुन्हा पुकारलं. तात्या त्याच्या डोक्यावरून पलीकडं बघत होते. अधिकाऱ्यानं एकदा फोटोकडं, एकदा त्यांच्याकडं पाहिलं आणि शेजारच्याला हाक मारली.

"तात्या, तुमचं नाव घेतायत," मी कुजबुजलो.

"ते दिलं म्या परत. ज्याचं त्याला."

दोन शिपाई जवळ येत होते. मी पुढं झालो. "हो, हेच. हेच गेणू खालकर," मी म्हणालो. "कानानं कमी ऐकतात."

तोवर ते खोटं तात्यांचं होतं. त्या खिडकीपाशी मी ते अंगावर घेतलं.

पंधरा ऑगस्टला कमानीचं उद्घाटन झालं. शहिदाचे बंधू म्हणून मंत्र्यांनी तात्यांना शाल-श्रीफळ दिलं. तात्यांनी शाल पांघरून घेतली आणि कमानीवरचं आपलं नाव वाचता येत नसूनही बराच वेळ बघत राहिले. घरी कोणी गेणूबाबा म्हणून हाक मारली तर ते मान वर करत नसत. मी रोज ठरवायचो, नवमी भाद्रपदात आहे, वेळ आहे. ऋषिपंचमीच्या सकाळी ते ओसरीवर बसल्या जागी गेले. नवमीला तीन आठवडेसुद्धा नव्हते. मी गुरुजींकडं धावलो तर ते म्हणाले, "अविधवा नवमी नवरा हयात असेपर्यंत करतात, धोंडीराम. आता कसली? आणि तुमच्या आईचा तर मोहतूर..." पुढं ते बोलले नाहीत. मीही बोललो नाही.

त्यानंतर वीस-पंचवीस वर्षं धुळवडीला ताट मी धरलं. "कोणाचा वीर?" "तुळाजीचा!" माझाही आवाज चिरकायचा. लोक म्हणायचे, बापावर गेलाय.

दोन वर्षांपूर्वी माझी बायको गेली. गावच्या बायका बोलावणं न धाडता आल्या. हिरवी साडी, कपाळभर मळवट, हातभर चुडा, भरलेली ओटी. नशीबवान गं बाई, सवाष्ण गेली, असं म्हणत एकेक जण पाया पडत होती. मी दारात उभा राहून ते सगळं पाहिलं. आईचं काय काय हिरावून घेतलं होतं, ते मला त्या दिवशी एकेक करून दिसलं.

गेल्या धुळवडीला मी ताट घेऊन घाटाच्या तोंडाशी गेलो. जुना गुरव कधीच गेला, आता त्याचा नातू असतो. त्यानं काठी आडवी धरली.

"कोणाचा वीर?"

"गेणूचा," मी म्हणालो.

तो हसला. "काका, चुकलं. गेणूबाबा तुमचे वडील. तुळाजीचा म्हणा."

"माझा बाप तुळाजी. तो लढाईला गेलाच नाही. गेला तो गेणू, सतरा वर्षांचा, आणि हा टाक त्याचा." माझा आवाज आता चिरकत नव्हता. "आणि माझी आई मोहतुराची नव्हती. बायजा तुळाजी खालकर, लग्नाची बायको, सवाष्ण गेली."

हलगी थांबली. मागं ताटं घेऊन घरंच्या घरं खोळंबली होती. घाटावर बसलेल्या म्हाताऱ्या बायकांपैकी कोणीतरी तोंडाला पदर लावला. वरातीमागून घोडं, मला कळत होतं. ज्यांनी ऐकायला हवं होतं ते दोघंही उरले नव्हते.

नाव घेतलं की वाट सुटते, अशी रीत. गुरवाच्या नातवानं काठी काढली नाही. त्यानं हळू आवाजात पुन्हा विचारलं, "कोणाचा?"

मी पुन्हा सांगितलं.